डिझेलवर वांगं भाजत नाही

ज्या आठवड्यात सोसायटीच्या गेटवरची रखवालदारांची शेकोटी बादलीभर पाणी ओतून विझवली, त्याच आठवड्यात सहलीची घोषणा झाली. शेकोटी विझवली, कारण गुरुग्रामची हवा खराब होती आणि लाकूड-कोळसा जाळायला बंदी आली होती. सहल होती वाळवंटातल्या एका गावी, कोळशावर चालणारं जुनं इंजिन बघायला. दोन्ही निरोप सोसायटीच्या सेक्रेटरी बाईंनीच मोबाइलवर पाठवले. पहिल्याखाली जोडलेले हात होते. दुसऱ्याखाली काळा धूर सोडणारं इंजिन आणि पुष्कळशी लाल हृदयं.

मुलानं तो फोटो मला आणून दाखवला. म्हणाला, "आई, बाबांना न्यायचंच. इंजिन बघितलं ना, की बघ कसे खडखडीत होतात. बिल्कुल."

आमचे हे रेल्वेत होते. भुसावळला आगवाला म्हणून लागले. म्हणजे इंजिनाच्या भट्टीत फावड्यानं कोळसा टाकायचं काम. पुढे डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले. आम्ही मुलाकडे राहायला आल्यापासून इथल्या लोकांत ह्यांची ओळख 'अंकलजी स्टीम इंजिन चलाते थे' अशीच करून दिली जाते. ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात. मग तो माझ्याकडेही तसाच बघतो, जणू मी आयुष्यभर खिडकीत उभी राहून त्या धुराची वाट बघत होते. मी हसून आत जाते. चार माणसांत मला बोलता येत नाही. आणि आलं असतं, तरी एवढंच सांगितलं असतं की माझ्या लेखी इंजिन म्हणजे धुण्याच्या दगडावरून वाहणारं काळं पाणी. बनियन कितीही घासा, कोळसा निघतच राहायचा. उशीच्या अभ्र्यातूनसुद्धा निघायचा. डिझेल आलं तेव्हा शेडमधल्या पुरुषांनी शेवटच्या इंजिनाला हार घातला आणि डोळे पुसले. आम्ही क्वार्टरमधल्या बायकांनी दोरीवर वाळणारी पांढरी बनियनं एकमेकींना दाखवली.

त्या इंजिनाबरोबर माझी एकच गोष्ट गेली. भरीत.

आमच्या खानदेशात भरीत म्हणजे घरचं देवकार्य असल्यासारखं असतं. इंजिनावरच्या माणसांनी त्याची आपली एक पद्धत काढली होती. मालगाडी एखाद्या आडस्टेशनात अडकून पडली, की फावडं धुवायचं, त्यावर वांगी ठेवायची आणि भट्टीच्या तोंडाशी धरायची. आमच्या घरात ह्या कामाची वाटणी ठरलेली होती. वांगी निवडून आणणं, पुसणं, तेलाचा हात लावून डब्याच्या पिशवीत ठेवणं हे माझं. टोचणं, भाजणं आणि केळीच्या पानात गुंडाळून घरी आणणं हे ह्यांचं. मिरची-लसणाबरोबर ठेचणं पुन्हा माझं. टोचण्यासाठी ह्यांचा एक ठरलेला खिळा होता. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात मी घरूनच वांगी टोचून दिली होती, तर आल्यावर पायताण काढायच्या आधी म्हणाले, "टोचायचं तू करणार, मग भाजायलाही तूच ये." तेव्हापासून इंजिनात जाणारं वांगं मी कधी टोचलं नाही.

डिझेल आल्यावर एकदा सवयीनं मी वांगी पिशवीत घातली. संध्याकाळी ती तशीच्या तशी परत आली. "डिझेलवर वांगं भाजत नाही," हे म्हणाले आणि पांढरंशुभ्र बनियन काढून खुंटीला लावलं.

गेल्या पावसाळ्यात ह्यांच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यातून घरी आले ते तोंडाची चव तिथेच ठेवून. काहीही दिलं तरी दोन घास, आणि मग ताट सरकवायचे. विचारलं तर म्हणायचे, कागद चावल्यासारखं लागतं. सून बिचारी ऑफिसचं काम मांडीवर घेऊन नाचणीचं सूप ढवळायची, मुलगा डब्यातली पावडर दुधात घालून द्यायचा. वजन उतरत गेलं. कुडत्यात माणूस शोधावा लागे. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, आणखी महिनाभर असंच चाललं तर नाकातून नळी घालू. बाजूला म्हणजे पडद्याच्या पलीकडे, त्यामुळे आम्हा दोघांना सगळं ऐकू आलं. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला सोंड लावू देऊ नकोस." मी हो म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, ते मलाही माहीत नव्हतं.

हिवाळ्याच्या सुरुवातीला सुनेनं हौसेनं भरीत केलं. तिच्या ओट्यावर काचेची शेगडी आहे. ती तापते पण पेटत नाही. म्हणून वांगं तिनं ओव्हनमध्ये भाजलं आणि इथल्या पद्धतीनं त्यात टोमॅटो घातला. ह्यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "शिजलंय. भाजलेलं नाही." सून हिरमुसली. मला मात्र आतून एकदम बरं वाटलं. कितीतरी दिवसांत ह्यांना अन्नाविषयी काही म्हणावंसं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं ऑफिसला गेल्यावर मी खालच्या इस्त्रीवाल्याकडून ओंजळभर कोळसे आणले आणि बाल्कनीत एका रिकाम्या कुंडीत पेटवले. वांगं अजून तापलंही नव्हतं, तोच वरच्या मजल्यावरून कुणी तरी खोकलं. मग बेल वाजली. सेक्रेटरी बाई स्वतः आल्या होत्या, तोंडाला मास्क लावून. त्या मुळीच वाईट बोलल्या नाहीत. माझा हात हातात घेऊन, लहान मुलाला समजवावं तसं, आंटीजी, हवेचा काय आकडा झालाय तो बघा, म्हणाल्या आणि मोबाइल पुढे केला. मला त्यातलं काही कळलं नाही. वांगं एका बाजूनं काळं आणि एका बाजूनं कच्चं राहिलं. रात्री मुलगा म्हणाला, "आई, यार, ग्रुपवर फोटो आलाय आपल्या बाल्कनीचा."

त्याच आठवड्यात तो सहलीचा निरोप आला. आपल्या बाल्कनीतला धूर वाईट आणि वाळवंटातला चांगला, हे मला पटलं नाही, पण माझ्या मनात दुसरंच सुरू झालं होतं. तिथे भट्टी असणार. कोळशाची.

सहलीच्या आदल्या दिवशी मी बाजारातून तीन मोठी वांगी आणली. आमच्याकडची भरताची वांगी हिरवी-पांढरी असतात. इथली जांभळी आणि अशी चकचकीत, जणू कुणी पॉलिश केलेली. ती पुसली, तेलाचा हात लावला, जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळली. मिरच्या, लसूण, कोथिंबीर, भाजलेले दाणे, पातीचा कांदा आणि ज्वारीच्या चार भाकऱ्या, असं सगळं औषधांच्या पिशवीत खाली दडवलं. मुलानं विचारलं एवढी जड का, तर म्हटलं, औषधं.

बस पहाटे निघाली. बसमध्ये हाउसी झाली, गाणी झाली, बक्षिसं वाटली. हे खिडकीला डोकं टेकवून झोपले. दुपारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळू दिसायला लागली आणि मग ते गाव आलं. गाव म्हणजे पिवळ्या दगडाचं स्टेशन, काही दुकानं आणि पर्यटकांसाठी सजवलेले दोन उंट. वारा सुटला की सगळं स्टेशन वाळूत नाहीसं व्हायचं आणि पुन्हा दिसायला लागायचं. रूळ गावाबाहेरच्या टेकड्यांपर्यंत जात होते आणि तिथे संपत होते. गाडी तिथपर्यंत जायची आणि परत यायची.

"कुठं जाते ही?" ह्यांनी मला विचारलं.

"कुठंच नाही."

"मग आपलीच," हे म्हणाले.

इंजिन काळं कुळकुळीत होतं, पितळी पट्ट्या घासून लख्ख केलेल्या, समोर झेंडूचा हार. भुसावळला एवढं स्वच्छ इंजिन मी कधी पाहिलं नव्हतं. हात फिरवला असता तर बोट पांढरं राहिलं असतं. गाडीच्या शेपटाला एक डिझेल इंजिन जोडलेलं होतं. फोटोत येऊ नये म्हणून त्याला ताडपत्री घातली होती. खरं ढकलायचं काम ते करणार होतं. कोळशाच्या ह्या म्हातारीनं पुढे राहून फक्त धूर काढायचा आणि शिट्टी मारायची.

ह्यांना इंजिनाजवळ एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. मुलगा समोर मोबाइल धरून उभा राहिला. तो किती आशेनं उभा होता ते मला दिसत होतं. आठवडाभर ह्या घटकेचीच तयारी चालली होती त्याची. "बाबा, काय वाटतंय? इतक्या वर्षांनी?"

हे इंजिनाकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांची हनुवटी जरा हलली. मुलानं मोबाइल आणखी जवळ नेला.

"लघवीला कुठं जायचं इथं?" हे म्हणाले.

मुलानं मोबाइल खिशात ठेवला आणि ह्यांना धरून घेऊन गेला. परत आल्यावर सेक्रेटरी बाईंनी सगळ्यांना गोळा केलं आणि अंकलजींना जुन्या दिवसांबद्दल दोन शब्द बोलायची विनंती केली. हे म्हणाले, "बहुत गर्मी होती थी." थोडा वेळ सगळे पुढचं ऐकायला थांबले. मग टाळ्या वाजल्या. एकेकानं खुर्चीशेजारी वाकून स्वतःचा फोटो काढून घेतला. ह्यांच्या डोळ्यांत तेव्हा काहीच नव्हतं. घरी ताट सरकवताना बघतात तसंच ते सगळ्यांकडे बघत होते. संध्याकाळी गेस्ट हाउसमध्ये पुन्हा ताट येईल, पुन्हा दोन घास, आणि आठ दिवसांनी डॉक्टरांकडे जायचं आहे, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

गाडी सुटायला वेळ होता म्हणून सगळे उंटांकडे गेले. मुलगा चहा आणायला गेला. मी पिशवी घेऊन इंजिनाच्या पायरीपाशी गेले. वर ड्रायव्हर एकटाच बसला होता, गळ्यात नवा लाल रुमाल बांधून. मी मनात वाक्य जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. शेवटी म्हटलं, "भैया, एक बैंगन भूनना था."

त्यांनी कानावर हात ठेवून पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं आणि ह्या वेळी टॉवेल उघडून वांगं दाखवलं. ते वांग्याकडे बघत राहिले. म्हणाले, लोक इथे येऊन शिट्टी मारू द्या म्हणतात, टोपी द्या म्हणतात, एकीनं तर कोळसा मागून नेला आठवण म्हणून. भाजी घेऊन कुणी आलं नव्हतं. मी खुर्चीकडे बोट करून सांगितलं की माझे हे भुसावळला आगवाला होते, आणि पावसाळ्यापासून जेवत नाहीत. एवढं लांब वाक्य परक्या पुरुषाशी मी आयुष्यात बोलले नसेन. ड्रायव्हरनं खुर्चीकडे बघितलं, मग फडक्यानं फावडं पुसलं आणि हात खाली केला. "तेल लगाया है?" मी हो म्हटलं. त्यांनी वांगं फावड्यावर ठेवून भट्टीच्या तोंडाशी नेलं.

वास यायला लागला. तो वास मी विसरले नव्हते, फक्त तो कुठे ठेवलाय ते विसरले होते. ह्यांनी मान वळवली. नाक जरा वर केलं. तेवढ्यात उंटांवरची मंडळी परत आली आणि सेक्रेटरी बाई दोन्ही हातांनी दांडे धरून, इंजिनाच्या पायरीवर, फोटोसाठी उभ्या राहिल्या.

आणि वांगं फुटलं.

आवाज काही फार मोठा नव्हता. पण इंजिनातून आला होता. ड्रायव्हरच्या नव्या रुमालावर आणि बाईंच्या काळ्या चष्म्यावर गरम गर उडाला. कुणी तरी "ब्लास्ट, ब्लास्ट" म्हणून ओरडलं आणि आमची सगळी सोसायटी वाळूत पळाली. त्यांच्या आधी एक उंट पळाला. बाई पायरीवरून खाली येऊन तशाच मटकन बसल्या. मी फलाटावर टॉवेल छातीशी धरून उभी होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. फलाटावर जागची हलली नव्हती ती एक मी आणि एक खुर्ची.

"टोचलं नाहीस?" खुर्चीतून आवाज आला.

तो आवाज मी पावसाळ्यापासून ऐकला नव्हता. वरचा, चढा, ड्यूटीवरून आल्यासारखा.

"टोचायचं काम तुमचं," मीही तेवढ्याच मोठ्यानं म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं, हे मला नंतर कळलं.

हे हसायला लागले. हसता हसता खोकला लागला, मुलगा चहाचे कप टाकून धावत आला, पाठीवरून हात फिरवू लागला. ह्यांनी त्याचा हात बाजूला केला आणि माझ्यापुढे आपला हात पसरला. "आण इकडं. आहेत ना अजून?"

खिळा नव्हता. मी बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. वांगं मांडीवर घेऊन ह्यांनी टोचायला सुरुवात केली. पिन कधी वांग्यात जायची, कधी कुडत्यात. पण देठापासून सुरुवात करून गोल गोल खाली यायचं, ती रीत तीच. मुलानं मध्ये एकदा "बाबा, मी करू का?" विचारलं. हे म्हणाले, "तू चहा आण." मग दुसरं वांगंही टोचलं आणि दोन्ही ड्रायव्हरकडे पाठवली. ड्रायव्हरनं गळ्यातल्या रुमालानंच तोंड पुसून ती घेतली. गार्डनं दोनदा हिरवा झेंडा दाखवला. ड्रायव्हरनं हातानंच थांब म्हणून खूण केली. जुन्या काळाशी खरोखर जुळणारी अशी त्या दिवशी हीच एक गोष्ट झाली. गाडी भरतासाठी थांबली.

डब्यात बसल्यावर मी वांग्यांची सालं काढली, भाकरीच्या डब्याच्या झाकणात मिरची-लसूण वाटीच्या बुडानं ठेचला आणि सगळं हातानं कालवलं. बाहेर मागचं डिझेल घुरघुरत होतं, पुढून धूर येत होता, बायका खिडकीतून हात काढून चित्रीकरण करत होत्या. हे भाकरीचा तुकडा मोडून वाट बघत बसले होते. वाट बघत. मी त्यांच्यापुढे झाकण धरलं. मुलगा समोरच्या बाकावर बसला होता. त्याचा मोबाइल खिशातच होता.

ह्यांनी घास घेतला, हळूहळू चावला, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मीठ कुठंय?"

मीठ मी आणलंच नव्हतं. मिरच्यांपासून दाण्यांपर्यंत सगळं आठवणीनं घेतलं होतं. ह्यांनी झाकणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ऐकवायला सुरुवात केली. एवढ्या लांब वाळवंटात घेऊन आलीस, वांगं फोडलंस, लोक पळवलेस, आणि मीठ नाही. भरतात मीठ नाही म्हणजे काय. मी मान खाली घालून ऐकत होते. हे बोलत होते आणि बोलता बोलता दुसरा घास घेत होते. अळणीच. मुलगा उठला आणि डब्यातल्या लोकांकडे मीठ मागत गेला. शेवटी सेक्रेटरी बाईंच्या पर्समधून चाट मसाल्याची पुडी निघाली. चष्मा पुसून झाला होता, राग बहुतेक नव्हता. त्यांनी स्वतःच येऊन ती झाकणावर शिंपडली आणि आंटीजी, वेरी नाइस, म्हणाल्या. खानदेशी भरतावर चाट मसाला. भुसावळला कुणाला कळलं, तर आम्हाला जातीबाहेर टाकतील. ह्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. नंतर मुलानं झाकण पुसून खाल्लं आणि काळी झालेली बोटं रुमालाला न पुसता तशीच बघत बसला.

गाडी टेकड्यांपर्यंत गेली आणि परत आली.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा वजन उतरलेलं नव्हतं. किंचित वाढलंच होतं. डॉक्टर म्हणाले, हवापालट झाला ना, त्याचा गुण. मुलाचं म्हणणं, इंजिन बघून बाबांना उमेद आली. सेक्रेटरी बाईंनी सहलीचं श्रेय स्वतःकडे घेतलं. पुढच्या सहलीच्या सूचनांत त्यांनी एक नवी ओळ घातली, इंजिनात खाण्याचे पदार्थ टाकू नयेत. आमच्या वांग्याचा व्हिडिओ ग्रुपवर पुष्कळ फिरला. त्यात फक्त पळणारी माणसं आणि एक उंट दिसतो. नळीचं नाव त्या दिवसानंतर कुणी काढलेलं नाही. हे अजून पूर्वीसारखे जेवत नाहीत. पण जेवतात, आणि प्रत्येक घासाला काही तरी म्हणतात. भाजी पांचट आहे, पोळी जाड आहे, वरणात पाणी आहे. सुनेला वाटतं सासरे आपल्या हातच्या अन्नाला नावं ठेवतात. परवा ओट्यापाशी तिचे डोळे भरले. मी तिला म्हटलं, आजपासून भाजी मी करते, तू तुझं ऑफिसचं बघ.

तेव्हापासून मी करते. मीठ चिमूटभर कमीच घालते. हे पहिला घास घेतात, थांबतात, कपाळाला आठ्या घालून विचारतात, "अगं, मीठ कुठंय?" मी मिठाची वाटी पदराआड धरून तयारच उभी असते, पण लगेच देत नाही.